तीन लाखांच्या अलीकडे

चूक भाच्याची होती, आणि ती त्याने पट्टी ठेवून, टोकदार पेन्सिलीने, दोन सुबक रकाने आखून केली होती. कुणी घाईगडबडीत करतं तसली ती चूक नव्हती. चांगली तासभर बसून, दोनदा बेरीज ताडून, कौतुक करून घेत केलेली होती.

हाताला लागेल तो छापील कागद वाचून काढायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड. साबणाचं वेष्टण, औषधाच्या डबीतली बारीक घडी, तिकिटामागच्या अटी, काही सोडायचा नाही. म्हणून मावशी त्याला वकीलसाहेब म्हणायची. प्रत्यक्षात वकीलसाहेब एका मालवाहतुकीच्या कंपनीत पावत्या तपासायला होते आणि साहेबांना स्वतःचं टेबलही नव्हतं, दुसऱ्याच्या टेबलाचा एक कोपरा होता. पण घरात कुणाला नोटीस आली, फॉर्म भरायचा झाला, की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या आणि मग त्याचीही मान थोडी ताठ व्हायची. मावशीच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा विम्याची पॉलिसी त्याच्याच पुढ्यात आली, ती अशी.

मावशी पुस्तकं बांधायची. एका जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान. आत उभं राहायचं तर जिन्याच्या उतारामुळे मागच्या भिंतीपाशी वाकावं लागे. मावशी मुळातच बुटकी, तिला ते लागत नसे, पण भाच्याच्या कपाळाला त्या दुकानाची चांगली ओळख होती. एका बाजूला बांधलेली पुस्तकं आवळून धरणारा लोखंडी दाब, दुसऱ्या बाजूला कागद कापायचं भलंमोठं यंत्र, मध्ये पुठ्ठ्यांच्या चळती. मावशीचे यजमान गेले तेव्हा दाबाखाली एका शाळेची हजेरीपुस्तकं अर्धवट पडली होती. तोवर तिने फक्त दोरा ओवून द्यायचं काम केलेलं. तेराव्या दिवशी शाळेचा शिपाई चौकशीला आला, तर हजेरीपुस्तकं तयार. कोपरे जरा वाकडे होते. शिपाई म्हणाला, चालतील, मुलंही कुठे सरळ आहेत. तिथून पुढे एकवीस वर्षं दुकान तिचं.

तिचं वाचनही धंद्यासारखंच होतं. पुस्तक खिळखिळं होतं ते दोन्ही टोकांना, मधली पानं सहसा धड असतात. त्यामुळे सुटी झालेली पहिली आणि शेवटची पानं तिच्या हाताखालून जायची, आणि खळ वाळेपर्यंत ती तेवढीच वाचायची. शेकडो कादंबऱ्यांची सुरुवात तिला ठाऊक होती आणि शेवटही ठाऊक होता. मधे काय झालं म्हणून भाच्याने विचारलं, की म्हणायची, होत असेल काहीतरी, पोचले ना सगळे.

आणि खळ. एका पुस्तकासाठी तिने कधी खळ शिजवली नाही. मैदा, पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, मंद आच आणि अर्धा तास सारखं ढवळणं. एवढा खटाटोप एका पुस्तकाला परवडत नाही. म्हणून कामं साठू द्यायची. दहा-बारा झाली की एक पातेलं चढवायचं आणि एका दमात सगळी उरकायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की ती चष्म्यावरून बघत म्हणायची, "पुस्तक कुठे पळून चाललंय का?" एकवीस वर्षांत एकही पुस्तक पळून गेलं नव्हतं.

विमा तिला दिला हसऱ्याने. हसरा म्हणजे विमा एजंट. त्याचा चेहराच असा घडलेला होता, की तो रस्ता विचारत असला तरी शुभवार्ता घेऊन आल्यासारखा वाटे. आपली फाटकी डायरी बांधून घ्यायला आला आणि पॉलिसी विकून गेला. सगळ्या आजारांचा विमा घ्यायचा तर मावशीची वर्षातल्या तीन महिन्यांची कमाई जात होती. हा दुसरा मात्र अकरा दिवसांच्या मजुरीत बसत होता. अट एकच, एका वर्षात पहिले तीन लाख तुमचे, त्यावरचं सगळं कंपनीचं. हसऱ्याने समजावून सांगितलं, की बारीकसारीक दुखणी तुमची तुम्ही बघायची, आभाळ कोसळलं तर कंपनी आहे.

"आणि मधली दुखणी?" मावशीने विचारलं.

हसरा हसला. मावशीने सही केली. सहा वर्षं ती अकरा-अकरा दिवसांची मजुरी भरत राहिली आणि आभाळ आपल्या जागी राहिलं. त्या पावतीला ती 'आभाळपट्टी' म्हणायची.

मग ती वाळायला लागली. आधी भाच्याला वाटलं, उन्हामुळे असेल. मग तिने एकदा, दाब फिरवताना, त्याच्याकडे पाठ करून सांगितलं, की रक्त पडतंय. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं, आतडं इथे, गाठ इथे. एवढा भाग काढायचा, मग सहा महिने इंजेक्शनं घ्यायची. पसरलेली दिसत नाही, वेळेत आलात, असंही म्हणाल्या. ऑपरेशनचा अंदाज पावणेदोन लाख, इंजेक्शनांचा दोन लाख चाळीस हजार.

त्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी पॉलिसी पहिल्या पानापासून वाचली आणि नवव्या पानावर त्यांना ते सापडलं. तीन लाखांची रेघ दर वर्षी नव्याने सुरू होते. आणि मावशीच्या पॉलिसीचं वर्ष संपायला बरोबर सात आठवडे होते.

त्याने रकाने आखले. डावीकडे, आत्ता सुरू केलं तर: ऑपरेशन या वर्षात, पावणेदोन लाख, रेघेच्या खाली, इंजेक्शनं जवळजवळ सगळी पुढच्या वर्षात, तीही रेघेच्या खाली. कंपनी देणार शून्य. उजवीकडे, सात आठवड्यांनी सुरू केलं तर: सगळं एकाच वर्षात, चार लाख पंधरा हजार. कंपनी देणार एक लाख पंधरा हजार. आणि एक लाख पंधरा हजार म्हणजे कागद कापायचं यंत्र. तेवढ्यालाच ते विकलं जाणार होतं, आणि ते गेलं तर बऱ्या झालेल्या मावशीने करायचं काय, कात्रीने रजिस्टरं कापायची?

मावशीने कागद डोळ्यांजवळ धरला. तिला समजवावं लागेल असं त्याला वाटलं होतं. ती एका क्षणात समजली.

"म्हणजे एका खळीत सगळं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं. खरं तर शाळेत तो कधी आठव्याच्या वर गेला नव्हता.

तरी त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, अगदीच बेफिकीर नव्हता. पण कसं विचारलं, तर घरगुती अडचणीमुळे समजा दीड-दोन महिने पुढे ढकललं तर, असं. पैशाचं बोलायची त्याला लाज वाटली. त्या म्हणाल्या, "असली गाठ आठ दिवसांत डोंगर होत नाही. पण मला विचाराल तर मी उद्याची तारीख देईन." या बोलण्याचा पहिला भाग त्याने घरी आणला. दुसरा दवाखान्याच्या पायऱ्यांवर राहिला.

सात आठवडे ते दोघं वाट बघत राहिले. मावशीने रकान्यांचा तो कागद खळीने भिंतीला चिकटवला आणि शेजारी कॅलेंडर लावलं. दुकान चालूच होतं. खाणं पातळ झालं, झोप तुटक झाली, दाब फिरवायला तिला दोन्ही हात लागायला लागले. शनिवार-रविवार भाचा जाऊन जड कामं करायचा आणि त्याने लावलेली पानं उलटी निघाली, की मावशी म्हणायची, वकीलसाहेब, हा खटला आपण हरलो. दुखतंय का विचारलं, तर म्हणायची, वयाप्रमाणे. एकदा त्याने जाऊ दे यंत्र, उद्याच जाऊ म्हटलं. म्हटलं खरं, पण कसं म्हटलं, तर पाहुण्याला अजून एक घास घ्या म्हणतात तसं. ती नाही म्हणाली. त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणं त्याला पुढे फार छळणार होतं.

नऊ दिवस उरलेले असताना, एका रविवारी सकाळी, तो गेला तर दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. मावशी स्टुलावर बसून टेबलाच्या कडेवर पोट दाबून धरत होती. चेहरा पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता. पायाशी बादली होती.

"नऊच राहिलेत," ती म्हणाली. "एवढे काढले, नऊचं काय."

त्याने तिला उचललं. तिचं वजन बांधलेल्या चार-पाच रजिस्टरांएवढं भरलं. ती त्याच्या खांद्याला धरून सांगत होती, आज नको, हिशोब बिघडेल, गोळी घेते आणि पडते. बाहेर गाडीत बसवेपर्यंत ती हेच सांगत होती.

आतडं फुटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून एवढं दुखतंय? मावशीने भाच्याकडे बघितलं आणि म्हणाली, आजच. तीन दिवस झाले होते, हे त्याला नंतर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं. मावशीने त्याला शपथ घातली होती, वकीलसाहेबांना फोन करायचा नाही, तो घाबरट आहे, लगेच घेऊन जाईल.

दुपारी ऑपरेशन झालं. रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. पू पोटभर पसरलेला होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आता गाठीचं नंतर बघू, आधी यातून निघू द्या. त्यांनी आणखी काहीच म्हटलं नाही. म्हणावं, असं भाच्याला फार वाटत होतं. तुम्हाला सांगितलं होतं, एवढं तरी. पण त्या हात धुवायला निघून गेल्या.

दोन दिवसांनी मावशी बोलायला लागली. आणि पहिला प्रश्न, हे किती? नाकातल्या नळीकडे बोट दाखवून. मग सलाइनकडे, मग पायाशी टिकटिकणाऱ्या यंत्राकडे. नर्सला वाटलं, भ्रम होतोय. भाच्याला ठाऊक होतं, भ्रम बिलकूल नाही. दुकानात बसते तशीच ती बसली होती, फक्त आडवी. दुसरी उशी नको म्हणाली. पाठ चोळायला बाई ठेवू का, तर नको. आणि दुखण्यावरचं ते मोठं इंजेक्शन, जे मागाल तेव्हा द्यायचं असं लिहिलेलं होतं, ते तिने मागितलंच नाही. ओठ मिटून छताकडे बघत राहायची. नर्स कौतुकाने म्हणाली, तुमच्या मावशी सोसतात हो फार. भाचा बाहेर जाऊन जिन्यात बसला.

चौथ्या दिवशी त्याने बोलायचं ठरवलं. वाक्यं जुळवून आला होता. मावशी, मी तुला थांबायला सांगितलं, ते... एवढंच बोलून झालं. पुढचं जुळवलेलं सगळं कुठे गेलं, कोण जाणे.

"तुझ्या सांगण्यावरून मी आजवर साधा रुमाल तरी धुतलाय का?" मावशी म्हणाली. आवाज कागद फाटावा तसा येत होता. "मोठा आलाय सांगणारा. मला पटलं म्हणून थांबले. माझी सवय आहे ती, तुझी नाही. उगाच माझं श्रेय घेऊ नकोस."

मग थोडं थांबून तिने विचारलं, "रेघ झाली का पार?"

त्या दिवशी सकाळीच त्याने बिलाच्या खिडकीवर आकडा बघितला होता. दोन लाख चौसष्ट हजार. छत्तीस हजार बाकी होते.

"कालच झाली," तो म्हणाला. "आता सगळं कंपनीचं."

"खरंच?"

"कागद दाखवू?"

"नको. तुझे कागद नकोत." तिने डोळे मिटले. तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, दाबाची मूठ उलटी फिरवल्यावर पुस्तक सुटतं तसं. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "मग त्या पोरीला सांग, ते इंजेक्शन दे म्हणावं. आणि एक उशी."

चार दिवस ती ते दुखणं स्वतःच्या खर्चाने सोसत होती. भाच्याने नर्सला बोलावलं. सुई टोचली गेली, पाच मिनिटांत तिच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून उतरल्या, आणि दुसऱ्या उशीवर डोकं टेकून ती घोरायला लागली. आयुष्यात त्याने पुष्कळ बारीक अक्षरं वाचली होती, पण त्या कपाळावरचं त्याला चार दिवस वाचता आलं नव्हतं. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा मुलगा म्हणाला, झोपल्या का, छान झालं. भाच्याने मान हलवली.

नवव्या दिवशी पॉलिसीचं वर्ष संपलं. मावशीने आठवण करून दिली, हप्ता भर, खंड पडायला नको. त्याने बाहेरच्या बाकावर बसून फोनवरून भरला. नव्या वर्षाचा पुरा हप्ता, अकरा दिवसांची मजुरी. त्या वर्षातले तिच्या वाट्याला सहा दिवस आले. पोटातला पू थांबेना, दुसरं ऑपरेशन झालं, मग मूत्रपिंडं दमली. पंधराव्या दिवशी सकाळी, नर्सांची पाळी बदलण्याच्या वेळी, ती गेली. तो तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होता. पुढे तीन माणसं होती आणि त्याने पुढच्याला विचारलंही होतं, मला आधी जाऊ देता का? पुढचा म्हणाला, आम्हालाही घाईच आहे.

भाच्याची आई गुडघे दुखत असतानाही पाच तास प्रवास करून आली. बहिणीला बघितलं, हात फिरवला. मग एवढंच विचारलं, की हिने एवढे दिवस काढले कशासाठी? तो औषधांच्या पावत्या लावत राहिला. आईने जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि परत विचारलं नाही. त्या न विचारण्यावरून त्याला कळलं, की तिला कळलंय.

दुकान उघडून आवरायचं होतं. भिंतीवरचा कागद त्याने नखाने काढायला घेतला, तर निघेना. मावशीची खळ होती. पट्ट्या पट्ट्या निघाल्या आणि उजवा रकाना भिंतीवरच राहिला. त्यावर त्याने पुठ्ठ्यांची चळत लावली.

विम्याचे कागद भरायला हसरा स्वतः आला. चेहरा तसाच, शुभवार्तेचा. त्याचा इलाज नव्हता. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. ऑपरेशनच्या दिवशी कुठूनसं कळून तो दवाखान्यात आला होता आणि मावशीसाठी एक बाटली रक्त देऊन गेला होता, हे भाच्याला आत्ता, कागद भरताना कळलं. त्याच्याशी भांडायचं ठरवून बसलेल्या भाच्याला मग भांडायलाही माणूस उरलं नाही.

कंपनीने सतरा दिवसांत पैसे दिले. कटकट नाही, खोड काढणं नाही. बिल पाच लाख बत्तीस हजार झालं होतं. तीन लाख मावशीचे, म्हणजे तिची साठवण, तिच्या बांगड्या आणि भाच्याने ऑफिसातून काढलेलं कर्ज. हातमोजे, कापूस आणि मनगटावरची नावाची पट्टी विम्यात बसत नाही म्हणून अकरा हजार वजा. बाकी दोन लाख एकवीस हजार खात्यावर जमा. संदेश आला तेव्हा तो दुसऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पावत्या तपासत होता. यंत्र विकावं लागलं नाही. ते अजून जिन्याखाली आहे, पात्याला तेल लावून, चादर घालून ठेवलेलं. कंपनी दाखल केल्याची तारीख धरते, त्यामुळे सगळे खर्च शेवटी एकाच वर्षात आले होते. सात आठवडे ज्यासाठी थांबायचं होतं, ते नऊ दिवस आधीच होऊन गेलं होतं. ही बेरीज त्याने किती वेळा केली, ते सांगण्यात अर्थ नाही.

दवाखान्याचं, औषधवाल्याचं, रुग्णवाहिकेचं, सगळ्यांचं देणं फिटलं. राहिली एक चिठ्ठी. रक्तपेढीने तीन बाटल्या दिल्या होत्या आणि त्यांचा नियम असा, की नातेवाइकांनी तेवढ्या परत कराव्यात. एक हसऱ्याने दिली, एक ऑफिसातल्या ड्रायव्हरने. तिसरी भाच्याची. पण तेव्हा त्याला ताप होता, महिन्याभराने या म्हणाले. चिठ्ठीवर शिक्का मारून लिहिलं, एक बाकी.

दीड महिन्याने तो गेला. वजन झालं, बोटातून थेंब काढला, सगळं ठीक निघालं. खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी घेतली, वहीत मावशीचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं. चांगल्या स्वभावाच्या होत्या. फॉर्म पुढे सरकवता सरकवता सहज विचारलं, "पेशंट कशा आहेत आता?"

"बऱ्या आहेत," तो म्हणाला.

"वा. घरी गेल्या?"

"हो."

बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, असं कुणी सांगितलं की बरं वाटतं, बसा तिथे, बोलावते. तो बाकावर बसला. समोर भिंतीवर रक्तगटांचा तक्ता होता, तो त्याने खालच्या बारीक अक्षरांसकट वाचला. मग उठून, पाणी पिऊन येतो, असं सांगून बाहेर पडला, आणि रस्ता ओलांडून सरळ बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर पेढीतून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्याच बाई होत्या, आणि रागावल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी मावशी बरी होऊन घरी गेली आहे, आणि वहीत तिच्या नावापुढे एक बाटली अजून बाकी आहे.